बाटल्यात साडेचार किलो गॅस शिल्लक, तरी पहाटे भट्टी का बसली?

पोळीभाजी_लालबाग

नमस्कार. लालबागला माझं पोळीभाजी केंद्र आहे, दहा बाय बाराचा गाळा. एरवी डबे आणि गणपतीत उकडीचे मोदक. यंदा चतुर्थीच्या आदल्या रात्री जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण मला कुणीतरी कारणासकट समजावून सांगायला हवं आहे.

अकराशे मोदकांची ऑर्डर होती. पहाटे पाचला पहिली खेप न्यायला माणसं येणार होती. दोन मोठ्या भट्ट्या, दोन्ही एकाच १९ किलोच्या बाटल्यावर. बाटला थोडा वापरलेला होता. रात्री दहाला लावला तेव्हा आत १२ किलो होता. मी प्रत्येक बाटला लावताना पिठाच्या काट्यावर वजन करून भिंतीवर खडूने लिहिते, म्हणून हा आकडा पक्का आहे. साडेतीनपर्यंत सगळं सुरळीत. मग ज्योत आधी बुटकी झाली आणि थोड्या वेळाने मोदकपात्राखाली नुसती फुरफुरायला लागली. पात्रातली वाफ बसली. वाफ मध्येच बसली की मोदक चिकट होतात, कळ्या बसतात. दोन पात्रं मला बाजूला काढावी लागली.

संपला वाटून बाटला काढायला गेले तर हात लावताच दचकले, इतका गार. खाली साधारण वीतभर उंचीपर्यंत घाम सुटलेला, थेंब ओघळून फरशीवर थारोळं झालेलं. अगदी बुडाशी, खालच्या कड्याच्या वर, पांढरा बर्फाचा पापुद्रा; नखाने खरवडला तर निघाला. त्या वीतभराच्या वर मात्र बाटला ठणठणीत कोरडा. उचलून बघते तर जड. काट्यावर ठेवला: २२ किलो ४०० ग्रॅम. बाटल्यावर रिकामं वजन १७.९ छापलेलं आहे. म्हणजे साडेचार किलो आत!

मदतीला आलेला मुलगा म्हणाला, "ताई, आडवा करा, चायनीजच्या गाडीवर आम्ही असंच करायचो." ते मी करू दिलं नाही, का कोण जाणे मनाला पटलं नाही. पण बाटल्याच्या अंगावर आधणाचं तांब्याभर पाणी त्याने ओतलं, ते मी बघत राहिले. ज्योत लगेच वर आली, दहाएक मिनिटं टिकली, परत बसली. शेवटी शेजारच्या गाळ्यातून दुसरा बाटला आणला आणि मोदक वेळेत गेले.

दुसऱ्या दिवशी बाटला पोचवणारा माणूस म्हणाला, "खाली पाणी असेल, परत देऊन टाका." साडेचार किलोचे पैसे मी का सोडू? त्याच दिवशी अकरा वाजता तोच बाटला साध्या शेगडीला लावून पाहिला, तर ज्योत छान निळी आणि सरळ.

मग पहाटे काय झालं होतं? आत पाणी आहे का? आणि गरम पाणी ओतलं ते बरोबर की चूक? माझ्याकडे चार बायका काम करतात. त्यांच्या जिवाशी खेळ होईल असं काही माझ्या गाळ्यात पुन्हा व्हायला नको.

---

निवृत्त_भरणीवाला

ताई, बाटला परत दिला नाहीत हे उत्तम केलंत. त्यात पाणी नाही. साडेचार किलो चांगला गॅसच आहे, त्या पहाटे तो पुरेसा उकळत नव्हता एवढंच.

मी ३१ वर्षं बॉटलिंग प्लांटमध्ये काढली. तिथे नव्या माणसाला सगळ्यात आधी हे समजावतात की बाटल्यात आपण गॅस भरत नाही, द्रव भरतो. पाण्यासारखा नितळ, पण पाण्याच्या निम्म्याहून थोडा जास्त जड. प्रोपेन आणि ब्युटेन यांचं ते मिश्रण. उघड्यावर प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. आता विचार करा, लालबागला पावसाळ्याच्या रात्री २६-२७ अंश असतात. आपल्याला ती गार रात्र वाटते, पण या द्रवाला तुमचा गाळा म्हणजे पेटती चूल आहे. एकदा व्हॉल्व्ह नीट न बसल्यामुळे चमचाभर द्रव माझ्या चामडी हातमोज्यावर उडाला होता. डोळ्यांसमोर तो खदखदला, त्या जागी पांढरं दव धरलं, चामडं पुठ्ठ्यासारखं ताठ झालं आणि बघता बघता मोजा कोरडा! ओलावा नाही, डाग नाही. हातमोजा नसता तर कातडी भाजल्यासारखी सोलली गेली असती.

मग बाटल्यात तो द्रव म्हणून राहतो कसा? बंद भांड्यात त्यातला थोडा भाग उकळून वाफ होतो. ती वाफ वरच्या मोकळ्या जागेत दाटते, द्रवाला दाबून धरते, आणि दाब एका ठरावीक आकड्याला पोचला की उकळणं थांबतं. तो आकडा तापमानावर आणि मिश्रणावर ठरतो, आत किती माल आहे यावर नाही. ३० अंशांना नुसतं प्रोपेन असेल तर हवेच्या दाबाच्या पावणेअकरा पटींच्या आसपास, नुसतं ब्युटेन असेल तर पावणेतीन पटींच्या थोडं वर. आपलं मिश्रण मधे कुठेतरी. बाटला गच्च असो की तळाला दोन किलो उरलेला असो, दाब जवळपास तोच. म्हणून दाबाचा काटा लावून "किती गॅस उरला" कळत नाही, लोक उगाच पैसे घालतात. तुमचा खडू आणि पिठाचा काटा हाच खरा मार्ग.

तुम्ही चावी उघडलीत की वरची वाफ नळीतून जाते, दाब किंचित उतरतो, आणि द्रव पुन्हा उकळायला लागतो, गेलेल्या वाफेची जागा भरायला. इथे खरी मेख आहे. उकळायला उष्णता लागते, मग ते पाणी असो की प्रोपेन. माठातलं पाणी गार का होतं? मातीतून पाझरलेलं पाणी उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जातं. तुमचा बाटला त्या रात्री माठासारखाच वागत होता, फरक इतकाच की उडून जाणारा द्रव आतल्या आत उडत होता. एक किलो द्रवाची वाफ व्हायला साधारण ३५० किलोज्यूल लागतात, म्हणजे लिटरभर नळाचं पाणी आधणाला येईल एवढी उष्णता. तुम्ही साडेपाच तासांत साडेसात किलो जाळलात. तेवढी उष्णता बाटल्याने कुठून आणली? भट्टीतून नाही, भट्टी तर दूर आहे. आसपासच्या हवेतून, पोलादाच्या भिंतीतून ओढून. घरच्या शेगडीला तासाला शे-दोनशे ग्रॅम लागतो, तेवढं हवा आरामात पुरवते, म्हणून घरी बाटल्याला कधी घाम येत नाही. तुमच्या दोन भट्ट्या ताशी किलो-सव्वा किलोच्या वर ओढत होत्या.

आणि पहाटे तीन गोष्टी एकत्र आल्या. द्रव जितका उंच, तितक्याच भिंतीला तो टेकलेला असतो आणि तेवढीच भिंत त्याला कामाची उष्णता देते. माल वीतभर उरला म्हणजे उष्णता आत यायची वाटही वीतभरच. दुसरं, थोडा द्रव झटकन गार होतो. साडेचार किलोतला एक किलो उडाला आणि बाहेरून काहीच उष्णता आली नाही असं धरा, तर उरलेला द्रव आणि त्याला लागलेलं पोलाद मिळून साधारण २५ अंशांनी खाली जातील. २७ मधून २५ वजा झाले की उरतात दोनच अंश, मग बर्फ दूर नाही. तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: प्रोपेन जास्त उतावळं, ते आधी उडून जातं. बाटला तळाला आला की मागे ब्युटेन जास्त राहतं. ० अंशांना प्रोपेनचा दाब हवेच्या पावणेपाच पट असतो, ब्युटेनचा जेमतेम हवेइतका. बाहेरच्या हवेइतकाच दाब असेल तर ते नळीतून बाहेर पडणार कसं? तुमची भट्टी तिथे बसली. सकाळी अकरापर्यंत बाटला खोलीच्या तापमानाला आला, दाब परत आला, आणि शेगडीची भूक छोटी, म्हणून ज्योत सरळ.

तो घामही आतला नाही, आपल्या दमट हवेतला आहे. गार पेल्याला सुटतो तोच. आणि तो सुटला तिथपर्यंतच आत द्रव होता. तुमची वीत म्हणजे द्रवाची पातळी.

आता गरम पाण्याचं. ज्योत वर आली कारण तुम्ही बाहेरून उष्णता दिलीत. शास्त्र बरोबर, कृती चुकीची. आधणाच्या पाण्याने दाब किती चढेल यावर तुमचा ताबा नाही. तळाला थोडा माल होता म्हणून निभावलं. हाच प्रकार कुणी भरलेल्या बाटल्यावर केला तर? हा द्रव तापला की पाण्याच्या कितीतरी पट जास्त फुगतो. म्हणूनच आम्ही घरगुती बाटल्यात १४.२ किलोच भरायचो. ३३ लिटरच्या बाटल्यात तेवढ्याने साधारण चार हिस्से जागा भरते आणि पाचवा हिस्सा मुद्दाम मोकळा राहतो. ती मोकळी जागा म्हणजे फुगायला दिलेली सवड. द्रवाने ती खाल्ली, तर त्यापुढचा दाब पोलादाला झेपणारा नाही. बाटल्याला गरम पाणी नको, गरम तवा नको, शेजारी पेटती भट्टी नको.

आणि आडवा करायचं तुम्ही नाकारलंत, त्याबद्दल मनापासून आभार मानतो. उभ्या बाटल्यातून वरची वाफ निघते. आडवा केला की चावीपाशी द्रव येतो. एक लिटर द्रव म्हणजे बाहेर आल्यावर जवळपास अडीचशे लिटर वायू. वाफेसाठी केलेल्या रेग्युलेटरमधून आणि बर्नरमधून द्रव गेला की ज्योत नाही, भडका येतो, छताला लागेल असा. त्या मुलाला जवळ बसवून हे सांगा. गाडीवर त्याचं आजवर निभावलं, म्हणून त्याला धोका दिसत नाही.

---

केटरर_भांडुप

काकांनी छान सांगितलं. मी लग्नाच्या ऑर्डरी करतो. आमच्याकडे थंडीत, जानेवारीच्या पहाटे, हा त्रास हमखास. मी बाटला टबात साध्या नळाच्या पाण्यात उभा करतो, गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी. बर्फ धरत नाही. दहा वर्षं करतोय. हे पण चूक आहे का काका?

---

निवृत्त_भरणीवाला

दादा, साध्या पाण्याला माझा गरम पाण्यासारखा विरोध नाही. नळाचं पाणी २५ अंशांचं, त्याने बाटला २५ च्या वर जाऊच शकत नाही. आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी चांगली उष्णता देतं, म्हणून तुमचा अनुभव खरा आहे. पण रोज पाण्यात उभा राहून बुडाचं कडं गंजतं, आणि तोच बाटला पुढे दुसऱ्याच्या घरी जातो. टबात बाटला डुगडुगता कामा नये, नळी ताणली जाता कामा नये. त्यापेक्षा ताईंना मी सांगेन की दोन भट्ट्यांना दोन बाटले लावा. प्रत्येकावरचा भार निम्मा झाला की गार होणं निम्म्याहून कमी जाणवेल. जोडणी मात्र एजन्सीच्या माणसाकडूनच. मोठ्या हॉटेलांत तर वेगळाच बाटला असतो, त्याला एलओटी म्हणतात. त्यातून मुद्दाम द्रवच काढतात आणि व्हेपोरायझर नावाच्या यंत्रात बाहेर त्याची वाफ करतात, म्हणजे उष्णतेसाठी बाटल्याच्या भिंतीवर अवलंबून राहावं लागत नाही. तो बाटला साध्या भट्टीला कधीच लावायचा नसतो.

आणखी एक. कुणी बाटला हलवून ज्योत वाढवत असेल तर तेही बंद करा. हलवल्याने द्रव वरच्या कोरड्या, उबदार भिंतीवर उडतो आणि क्षणभर जास्त उकळतो, एवढाच त्याचा अर्थ. त्या क्षणासाठी नळीचा सांधा सैल करून घेऊ नका.

---

रसायनाच्या_बाई_दादर

अकरावीला शिकवते, म्हणून राहवलं नाही. मी वर्गात दरवर्षी पारदर्शक लायटर नेते. तिरका केला की आत द्रव हिंदकळताना दिसतो, वर रिकामी वाटणारी जागा असते. त्या जागेत वाफ आहे हे मुलांना आधी पटत नाही. लायटरमध्ये मुख्यतः ब्युटेन असतं. इतक्या पातळ प्लॅस्टिकमध्ये ते राहतं, कारण खोलीच्या तापमानाला त्याचा दाब हवेच्या दोन-तीन पटच असतो. त्या कवचात प्रोपेन भरता येणार नाही. मग मी तोच लायटर बर्फाच्या भांड्यात ठेवते आणि पाच मिनिटांनी पेटवायला जाते. ज्योत मरगळलेली, कधी पेटतच नाही. मुठीत धरून ऊब दिली की परत पेटतो. ताईंच्या बाटल्याचं तेच झालं, फक्त तिथे बर्फ बाटल्याने स्वतःच तयार केला.

मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: मग पाइपचा गॅस असा द्रव करून बाटल्यात का देत नाहीत? मुंबईत अर्ध्या वर्गाकडे पाइपचा गॅस असतो, त्यामुळे प्रश्न घरचाच. तो मिथेन. प्रत्येक वायूची एक तापमानाची मर्यादा असते, तिच्या वर कितीही दाबलं तरी त्याचा द्रव होत नाही. मिथेनची ती मर्यादा उणे ८२ अंशांच्या आसपास आहे, प्रोपेनची अधिक ९६ आणि ब्युटेनची अधिक १५२. म्हणजे मुंबईच्या हवेत प्रोपेन-ब्युटेन थोड्या दाबाने द्रव होतात आणि मिथेन कधीच होत नाही. त्याला उणे १६२ अंशांपर्यंत गार करावं लागतं, तेव्हा तो जहाजातून येतो. रिक्षा-टॅक्सीतला सीएनजी हवेच्या दोनशेपट दाबालाही वायूच असतो. त्या टाक्या इतक्या जाड आणि जड का, याचं उत्तर यातच आहे.

ताई, तुमच्या गाळ्यासाठी यातली एक गोष्ट फार महत्त्वाची. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. बाटल्याचा गॅस गळला तर फरशीवर पसरतो, मोरीत उतरतो, गटारात साठतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. खाली, फरशीलगत हवा खेळायला वाट हवी. हवेत शंभर भागांत दोन भागांच्या आसपास गॅस झाला तरी ठिणगीने पेट घेतो. वास त्याच्या बराच आधी यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात, मूळ गॅसला वास नसतो. वास आला की दिव्याचं बटण नको, एक्झॉस्टचंही नको, आधी बाटल्याची चावी बंद आणि दारं उघडी. मग सगळ्यांना बाहेर काढून गाळ्यापासून लांब गेल्यावर १९०६ ला फोन करा. तो गॅसगळतीचा नंबर आहे.

---

पोळीभाजी_लालबाग

काका, बाई, दादा, तुम्ही तिघांनी वेळ काढून एवढं लिहिलंत. चारही बायकांना आणि त्या मुलाला दुपारच्या चहाला बसवून सगळं वाचून दाखवलं. आडव्या बाटल्याचा भाग त्याला दोनदा वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की गाडीवर एकदा असाच भडका आला होता आणि मालकाच्या भुवया जळल्या होत्या. तो बर्नरला दोष देत आला होता.

तो साडेचार किलोचा बाटला मी शेगडीला लावून पूर्ण वापरला, पाच दिवस डाळ-भाताला. परवा संपला तेव्हा काट्यावर १८ किलो २०० ग्रॅम. म्हणजे साडेचारपैकी ४ किलो २०० ग्रॅम गॅस सरळ जळला; पाणी असतं तर एवढं जळलंच नसतं. हा आकडा मी बाटला पोचवणाऱ्यालाही दाखवला. तो म्हणाला, आजवर असे कितीतरी बाटले लोकांनी "पाणी आहे" म्हणून परत दिले आणि त्यानेही तेच मान्य केलं.

संकष्टीला चारशे मोदकांची ऑर्डर होती. एजन्सीच्या माणसाकडून जोडणी करून घेतली, दोन भट्ट्या दोन बाटल्यांवर. मध्यरात्री दोन्हीला हात लावून पाहिला. गार होते, पण कोरडे. एकाला फडक्याने ओलं केलं आणि थांबले: वरचा भाग आधी वाळला, खालचा ओला राहिला, मध्ये सरळ रेघ उमटली. खडूने खूण केली. वजन करून पाहिलं तर सात किलो उरलेला. आता खडूचा आकडा आणि ही रेघ दोन्ही ताडून बघते.

मोरीच्या बाजूला भिंतीत, फरशीपासून चार बोटांवर, दोन जाळ्या बसवून घेतल्या आहेत. गवंडी विचारत होता, हवेसाठी जाळी एवढी खाली कशाला. त्यालाही बसवून सांगितलं.